एकेचाळीस चौकटी आणि एकही रेघ नाही : स्कीमा इम्पोर्टचा छोटा इतिहास



मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, चालू डेटाबेसचा आराखडा वेबवरच्या डिझाइन टूलमध्ये आणायचा, एवढ्याशा गोष्टीवर संशोधन काय करायचं? बटण दाबलं की चित्र येतंच ना?" प्रश्न बरोबर आहे. आज खरंच येतं. पण ते बटण आपल्यापर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली. त्यातली प्रत्येक पायरी कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून निघालेली आहे. ती अडचण नेमकी कोणती होती, हे समजलं की संशोधनाचा विषय आपोआप दिसायला लागतो. म्हणून आजची पोस्ट इतिहासाची. वाचताना एक प्रश्न डोक्यात ठेवा : काम सोपं झालं, म्हणजे नेमकं काय कमी झालं?

आधी स्कीमा समजून घेऊ, सातबाऱ्यावरून

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, कळमनुरी तालुक्यातलं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी सातबारा असेल, म्हणून उदाहरण त्याचंच घेते. 'सातबारा' हा एक कागद नाही, ते दोन नमुने आहेत. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कुणाची, किती, कोणत्या हक्काने. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. त्यावर छापलेले मथळे बघा : भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क. हे मथळे म्हणजे स्कीमा. मथळ्याखाली तलाठ्याने लिहिलेलं नाव आणि आकडे म्हणजे डेटा. माणूस वारला, जमीन विकली, वाटणी झाली की डेटा बदलतो. मथळे तेच राहतात.

आता पुढची गोष्ट नीट बघा. नमुना ७ वर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन तुम्ही गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली, तर ते नाव तिथं कसं आलं ते कळतं : वारसाने, खरेदीने की वाटणीने. तसाच खाते क्रमांक असतो. तो घेऊन नमुना ८अ उघडला की त्या खातेदाराची गावातली सगळी जमीन एका ठिकाणी दिसते. डेटाबेसच्या भाषेत फेरफार क्रमांक आणि खाते क्रमांक म्हणजे फॉरेन की. एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात नेणारा दुवा. संगणक यायच्या कितीतरी आधीपासून आपले तलाठी असे दुवे सांभाळत आलेले आहेत.

म्हणजे स्कीमात तीन गोष्टी आल्या : तक्ते, त्यांचे रकाने आणि तक्त्यांमधले दुवे. चित्र काढलं तर तक्ता म्हणजे चौकट आणि दुवा म्हणजे रेघ. पुढच्या सगळ्या गोष्टीत या रेघेवर लक्ष ठेवा.

एका कायद्याचे रकाने दुसऱ्या कायद्यात

एका ठिकाणची रचना दुसऱ्या ठिकाणी आणणं, म्हणजेच इम्पोर्ट, हे काम आपल्या भागाने संगणकाशिवाय केलेलं आहे.

हिंगोली १ मे १९९९ ला स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी तो परभणी जिल्ह्याचा भाग होता, आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. राज्य बदललं, पण जमिनीचे कागद तर एका रात्रीत बदलत नाहीत. इथं हैदराबादचा १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा चालू होता. पश्चिम महाराष्ट्रात १८७९ चा मुंबईचा कायदा होता आणि विदर्भात मध्य प्रदेशचा १९५४ चा. एकाच राज्यात तीन कायदे, म्हणजे साधारण तीन स्कीमा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ने ते तिन्ही एकत्र आणले, ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. पुढे हक्कनोंदी आणि नोंदवह्या कशा ठेवायच्या याचे नियम १९७१ मध्ये आले.

यात अडचण कुठं होती? एकाच नावाखालचा इतिहास वेगवेगळा होता. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्येच झाला. हैदराबादमध्ये तो १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ च्या सुमारास आला. म्हणून आपल्याकडे जुना हक्क बघायचा झाला की लोक १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत जातात. त्याच्याही मागे गेलं तर उर्दू आणि मोडीतले कागद लागतात. साल फसलीत असतं, १३५० फसली म्हणजे आपलं १९४०-४१. 'साल' नावाचा रकाना दोन्हीकडे आहे, पण त्यातल्या आकड्यांत ५९० वर्षांचं अंतर आहे. रकान्याचं नाव जुळलं म्हणून अर्थ जुळतोच असं नाही, हे इथंच नोंदवून ठेवा.

चित्र वेगळं, यंत्र वेगळं

आता संगणकाकडे येऊ. १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची, आणि दोन तक्त्यांचा संबंध किमतीवरून ओळखायचा, म्हणजे फेरफार क्रमांक इकडे तोच तिकडे. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं. चौकोनात वस्तू, शंकरपाळीत संबंध, मध्ये रेघा. तुम्ही बीसीएस, बीसीए किंवा एम.एस्सी.ला ई-आर डायग्राम काढल्या असतील, त्या याच निबंधातून आलेल्या.

पण एक फट राहिली. चित्र कागदावर आणि डेटाबेस यंत्रात. आधी चित्र काढायचं, मग त्यावरून टेबलं बनवायची, असा क्रम होता. सहा महिन्यांनी कुणीतरी दोन रकाने वाढवतं, एक टेबल काढून टाकतं, आणि चित्र मात्र जुनंच भिंतीवर. नवीन माणूस कामाला लागला की त्याला चालू डेटाबेसवरून पुन्हा चित्र काढावं लागायचं. म्हणजे क्रम उलटा झाला : यंत्राकडून कागदाकडे. या उलट्या प्रवासाला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात, आणि स्कीमा इम्पोर्ट हे त्याचंच साधं रूप.

हा प्रवास यंत्राने करायचा, तर एक अट होती. डेटाबेसला स्वतःबद्दल सांगता आलं पाहिजे.

स्वतःची ओळख स्वतःच ठेवणारा डेटाबेस

माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि आपल्या अभ्यासक्रमात तिला दोन ओळी मिळतात.

सत्तरच्या दशकात आयबीएममध्येच सिस्टम आर हा प्रकल्प झाला. एसक्यूएल भाषेचा जन्म त्याच कामातला, १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती 'सीक्वेल' नावाने मांडली. सिस्टम आरमध्ये एक सुंदर सोय होती : कोणती टेबलं आहेत, त्यांचे रकाने कोणते, ही माहितीसुद्धा टेबलांमध्येच ठेवलेली होती. म्हणजे ज्या भाषेत तुम्ही खातेदाराचं नाव विचारता, त्याच भाषेत 'तुझ्याकडे टेबलं किती?' असंही विचारता येतं. या टेबलांना कॅटलॉग म्हणतात. १९८५ मध्ये कॉड यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेससाठी जे प्रसिद्ध बारा नियम मांडले, त्यात चौथा नियम हाच आहे.

पण प्रत्येक कंपनीचा कॅटलॉग वेगळा. टेबलांची नावं वेगळी, रकाने वेगळे. आपल्या तीन महसूल कायद्यांसारखंच. यावर एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकाने उत्तर दिलं : 'इन्फर्मेशन स्कीमा' नावाची ठरलेली रचना, जिच्यात टेबलं, रकाने आणि बंधनं यांची माहिती एकाच पद्धतीने मिळेल. तरी मानक आलं म्हणजे लगेच सगळ्यांनी स्वीकारलं असं झालं नाही. पोस्टग्रेसमध्ये ते २००३ च्या ७.४ आवृत्तीत आलं, मायएसक्यूएलमध्ये २००५ च्या ५.० मध्ये. ओरॅकलने आपला वेगळा डेटा डिक्शनरीचा मार्ग ठेवला. मानक आणि वापर यांतली ही दहा-बारा वर्षं आठवणीत ठेवा. परीक्षेत नाही विचारणार कुणी, पण संशोधनाचे बरेच प्रश्न अशाच अंतरात असतात.

किल्ली द्या, मग चित्र देतो

नव्वदच्या दशकात डेस्कटॉपवरची डिझाइन टूल्स कॅटलॉग वाचायला लागली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आलं, त्यामुळे एकाच पद्धतीने वेगवेगळ्या डेटाबेसना जोडता येऊ लागलं. पुढे मायएसक्यूएल वर्कबेंचसारख्या टूलमध्ये 'रिव्हर्स इंजिनिअर' असा पर्यायच मेनूत मिळाला. सोय मोठी होती. पण त्यासाठी लागायचं काय? ड्रायव्हर, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. चित्र फक्त मथळ्यांचं हवं, पण किल्ली पूर्ण कपाटाची द्यावी लागायची.

याचा अनुभव मी स्वतः घेतला. एम.एस्सी.ला असताना आम्ही तिघींनी प्रकल्पासाठी एका छोट्या पतसंस्थेचा डेटाबेस निवडला. आम्हाला फक्त रचना हवी होती. पण वर्कबेंचला जोडणी हवी, आणि जोडणीला पासवर्ड. तिथल्या लिपिक काकांनी तो द्यायला साफ नकार दिला. तेव्हा आम्हाला राग आला होता. आज वाटतं, काकांचंच बरोबर होतं. लोकांच्या ठेवी आणि कर्ज त्या टेबलांमध्ये, आणि तीन पोरींना पासवर्ड कशाला द्यायचा?

शेवटी काकांनी टेबलांची यादी छापून दिली, आणि आम्ही चार्ट पेपर जोडून हाताने चित्र काढलं. टेबलं एकेचाळीस. दिवस लागले बारा. रोज दुपारी तिथं जायचं, एकेक टेबल घ्यायचं, आणि काका सांगायचे, "हा मेंबर नंबर ना, तो सभासदाच्या टेबलातला. आणि हा जामीनदार पण सभासदच असतो, त्याचाही नंबर तिथलाच." आम्ही पेन्सिलीने रेघ मारायचो. तो चार्ट अजून माझ्याकडे आहे. त्यावर चहाचा डागसुद्धा आहे.

ब्राउझर आला, आणि नवी भिंत

आता वेबवरच्या टूल्सकडे या. वेबवर डेटाबेस हाताळणं नवीन नाही. १९९८ चं पीएचपीमायअॅडमिन तुम्ही झॅम्पसोबत वापरलंच असेल. पण ते डेटाबेसजवळच्या सर्व्हरवर बसतं, म्हणून त्याला जोडणीचा त्रास नाही. खरा प्रश्न आहे तो कुठल्यातरी दूरच्या संकेतस्थळावरच्या डिझाइन टूलचा. पान उघडतं तुमच्या ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरला डेटाबेसच्या पोर्टशी थेट बोलता येत नाही. सुरक्षेसाठी तशी मुभाच दिलेली नाही. शिवाय पतसंस्थेचा डेटाबेस आतल्या नेटवर्कमध्ये, फायरवॉलच्या मागे. बाहेरून दिसतच नाही.

मग तीन वाटा निघाल्या. त्या क्रमाने समजून घ्या.

पहिली वाट : मध्ये एक सर्व्हर ठेवायचा. ब्राउझर सर्व्हरशी बोलतो, सर्व्हर डेटाबेसशी. ओंद्रेय झारा यांचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एसक्यूएल डिझायनर हे या प्रकारातलं जुनं, मुक्त टूल. त्यात चित्र ब्राउझरमध्ये, पण चालू डेटाबेसमधून इम्पोर्ट करायचं तर सर्व्हरवर पीएचपीसारखं काही बसवावं लागतं. स्वतःचा सर्व्हर असेल तर छान. नसेल तर पासवर्ड दुसऱ्याच्या सर्व्हरला द्या, म्हणजे काकांचा नकार पुन्हा आलाच.

दुसरी वाट : जोडणीच नको, फाइल द्या. डेटाबेसमधून फक्त रचनेचा डंप काढायचा, टेबल तयार करणाऱ्या एसक्यूएल आज्ञांचा मजकूर, आणि तो टूलमध्ये चिकटवायचा. डीबीडायग्राम या टूलने ही वाट बरीच रुळवली, त्यांची डीबीएमएल नावाची छोटी भाषाही आहे. पासवर्डचा प्रश्न मिटला. पण दुसरा उभा राहिला. एसक्यूएलच्या बोली वेगवेगळ्या. मायएसक्यूएल नावांभोवती उलटी अवतरणचिन्हं लावतं, एसक्यूएल सर्व्हर चौकोनी कंस. आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाची लिहिण्याची रीत प्रत्येकाची निराळी. टूलला सगळ्या बोली वाचता याव्या लागतात, आणि एखादी अनोळखी ओळ आली की इम्पोर्ट तिथंच अडतो. बोली समजून घेणारा पार्सर लिहिणं हे स्वतंत्र संशोधनाचं काम आहे.

तिसरी वाट सगळ्यात अलीकडची. मजकूर वाचत बसण्यापेक्षा डेटाबेसलाच विचारा. टूल तुम्हाला एक तयार क्वेरी देतं. ती तुम्ही, तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच हाताने चालवायची. क्वेरी कॅटलॉगमधून टेबलं, रकाने, की, इंडेक्स सगळं गोळा करते आणि उत्तर म्हणून जेसन स्वरूपातला एकच मजकूर देते. तो उचलायचा, ब्राउझरमध्ये चिकटवायचा, चित्र तयार. २०२४ मध्ये आलेलं चार्टडीबी हे मुक्त टूल असंच काम करतं. पासवर्ड बाहेर जात नाही, डेटाची एक ओळही बाहेर जात नाही, बोली वाचायची गरज नाही.

ही कल्पना इतकी साधी आहे की ती १९९२ नंतर लगेच का नाही सुचली, असं वाटेल. मला याचं एक कारण दिसतं. शेकडो ओळींचं, एकात एक गुंतलेलं उत्तर एका मजकुरात बांधून द्यायची सोय डेटाबेसमध्येच हवी होती. पोस्टग्रेसमध्ये जेसन प्रकार २०१२ ला आला आणि ओळी गोळा करून जेसनची यादी बनवणारं फंक्शन २०१३ ला. मायएसक्यूएलमध्ये जेसन २०१५ ला, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ ला. त्याआधीही ओढूनताणून करता आलं असतं, पण सहज नाही. म्हणजे डिझाइन टूल सोपं झालं, त्यामागे डिझाइन टूलच्या क्षेत्राबाहेरचं काम होतं. इतिहास वाचताना ही सवय लावून घ्या : एखादी गोष्ट अमुक साली का झाली, याचं उत्तर बरेचदा शेजारच्या विषयात असतं.

आणि मग चित्रात रेघच नाही

पीएच.डी.ला आल्यावर मी पुन्हा त्याच पतसंस्थेत गेले. या वेळी पासवर्ड मागितलाच नाही. क्वेरीचा कागद काकांना दिला, ती काय वाचते आणि काय वाचत नाही ते ओळीने समजावून सांगितलं. त्यांनी स्वतः ती पीएचपीमायअॅडमिनमध्ये चालवली. पहिल्यांदा मजकूर अर्धाच आला, कारण तिथं लांब मजकूर तोडून दाखवतात, पूर्ण मजकुराचा पर्याय निवडावा लागतो. दुसऱ्यांदा नीट आला. त्यांनी पेन ड्राइव्हवर दिला. घरी येऊन चिकटवला, आणि मिनिटभरात चित्र समोर. बारा दिवसांचं काम मिनिटात!

एकेचाळीस चौकटी होत्या. रेघ एकही नव्हती.

आधी वाटलं टूल चुकलं. तसं नव्हतं. ती टेबलं मायआयसॅम या जुन्या प्रकारातली होती. मायएसक्यूएलमध्ये २०१० च्या ५.५ आवृत्तीपर्यंत मूळ प्रकार तोच असायचा, आणि त्यात फॉरेन की लिहिली तरी ती पाळली जात नाही, साठवलीही जात नाही. म्हणजे सभासद आणि कर्ज यांचा संबंध डेटाबेसला माहीतच नव्हता. तो होता सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये, आणि काकांच्या डोक्यात. टूलने कॅटलॉग प्रामाणिकपणे वाचला. कॅटलॉगमध्ये रेघ नव्हती, म्हणून चित्रात आली नाही. माझ्या जुन्या चार्टवर मात्र सगळ्या रेघा होत्या, जामीनदाराचीसुद्धा. कारण त्या काकांना विचारून मारल्या होत्या.

सुरुवातीचा प्रश्न आठवा : सोपं झालं म्हणजे काय कमी झालं? ड्रायव्हर गेला, पासवर्ड गेला, बोलीची कटकट गेली. हे सगळं जायलाच हवं होतं. पण त्यांच्याबरोबर ती बारा दुपारचीं बोलणीही गेली, आणि रेघा त्या बोलण्यात होत्या.

दुसरी चूक तर माझी स्वतःचीच. स्कीमा शिकवायला उदाहरण म्हणून मी आबांच्या जुन्या कागदावरून आमच्या शेताचा छोटा डेटाबेस बनवला. क्षेत्राचा रकाना दशांश. एक तुकडा ३.२५, दुसरा २.३०. बेरीज आली ५.५५. आबांना दाखवली तर ते हसायलाच लागले. "काय लावलीस बेरीज? चाळीस गुंठ्याला एक एकर होत असतंय." ३ एकर २५ गुंठे आणि २ एकर ३० गुंठे म्हणजे ६ एकर १५ गुंठे. कागदावरचा तो टिंब दशांशचिन्ह नव्हता, एकर आणि गुंठ्यातली भिंत होती. हा रकाना मी कोणत्याही टूलमध्ये इम्पोर्ट केला असता तरी 'क्षेत्र, दशांश' असाच दिसला असता, अगदी बिनचूक. मोजमाप कोणतं, हे कॅटलॉगला ठाऊकच नव्हतं. माझ्या कागदी उदाहरणात पाऊण एकराहून मोठा हा घोळ हसण्यावारी गेला. खऱ्या नोंदीत असा घोळ म्हणजे पीककर्ज अडणं, भावाभावांत वाद.

चावडीवर वाचून घेणं

महाराष्ट्राने सातबारा संगणकावर आणताना याचा विचार करावाच लागला. हाताने लिहिलेला आणि संगणकावरचा सातबारा जुळतो का, हे बघायला २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकावरची नोंद लोकांसमोर वाचायची, आणि ज्याची जमीन त्याने चूक सांगायची. लेखनातली चूक दुरुस्त करायला संहितेत कलम १५५ आहेच. त्यानंतर २०१८ मध्ये डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. संगणकशास्त्राच्या पुस्तकात या पायरीला व्हॅलिडेशन म्हणतात. गावाकडे चावडी म्हणतात. यंत्राने आणलेली रचना आणि नोंद, जिच्या आयुष्याशी तिचा संबंध आहे त्या माणसासमोर वाचणं.

आता हे तुमच्या कामात कसं आणायचं, ते सांगते.

कोणताही डेटाबेस हातात आला की इम्पोर्ट जरूर करा, हाताने चित्र काढण्यात काही पुण्य नाही. पण आलेल्या चित्रात आधी रेघा मोजा. टेबलं पुष्कळ आणि रेघा थोड्या असतील तर संबंध कुठं लपलेत ते शोधा : एकसारख्या नावाचे रकाने, कोडमधल्या जोडण्या. मग प्रत्येक आकडी रकान्याला विचारा, एकक काय? प्रत्येक तारखेला विचारा, कोणतं साल? आणि शेवटी छापलेलं चित्र घेऊन त्या माणसाकडे जा जो रोज ती टेबलं भरतो. त्याला एक तास मागा. बारा दिवस वाचलेत तुमचे, तास नक्की निघेल.

खबरदारीचीही एक गोष्ट. क्वेरीने डेटा बाहेर जात नाही, हे खरं. पण रकान्यांची नावं, टिपा, मूळ किमती बाहेर जातात, आणि कधीकधी त्यांतूनही पुष्कळ कळतं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झालेला आहे. क्वेरी चालवण्याआधी ती पूर्ण वाचा, आणि संस्थेची लेखी परवानगी घ्या. मुक्त टूल असेल तर ते स्वतःच्या यंत्रावर बसवूनही वापरता येतं.

आणि संशोधनाचा विषय? माझ्या मते तो इथंच आहे. जाहीर न केलेले संबंध टूलने सुचवायचे कसे, किती खात्रीने, आणि सुचवलेली रेघ खरी की खोटी हे माणसाकडून कमीत कमी वेळात तपासून कसं घ्यायचं. मी सध्या याच्याच एका छोट्या कोपऱ्यात काम करते. फोन केलेल्या त्या मुलीला मी हेच सांगितलं, आणि तिला गृहपाठ दिला. तोच तुम्हालाही देते : घरातला सातबारा, ८अ आणि एखादा फेरफार काढा, त्यांच्या चौकटी काढा, आणि रेघा मारायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसून विचारा.

मी पतसंस्थेच्या नव्या चित्राची छापील प्रत घेऊन काकांकडे गेले, तेव्हा त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि पहिली रेघ स्वतःच मारली. कर्जाच्या चौकटीतून सभासदाच्या चौकटीकडे. मग थांबून म्हणाले, "इथून दोन लागतील. जामीनदाराची राहिली." सव्वा तासात एकोणपन्नास रेघा झाल्या. जुन्या चार्टशी ताडून पाहिलं तर तीन रेघा त्यात नव्हत्या. आम्हीच तेव्हा विचारायच्या विसरलो होतो.